वनजाआत्यांचे पाच दिवे

आमच्या वनजाआत्यांच्या घरी दसऱ्याचे गोंबे अंधारात बसायचे. अख्खं म्हैसूर दिव्यांनी झगमगत असताना आमच्या घरचे राजाराणी, हत्ती, वाणी आणि वाण्याची बायको काळोखात एकमेकांकडे बघत बसलेले असत. त्यांना उजेड कधी मिळणार, हे गल्लीतल्या पोरांच्या हातात असे.

म्हैसुरात नवरात्र आलं की घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. त्यांना आम्ही कन्नडच्या सवयीने गोंबेच म्हणतो. संध्याकाळी पोरं टोळ्या करून दारोदार फिरतात आणि उंबऱ्यावरूनच ओरडतात, “गोंबे कूर्सिदीरा?” म्हणजे, गोंबे बसवलेत का? बसवले असतील तर त्यांना आत बोलवायचं, गोंबे दाखवायचे आणि जाताना हातावर चकली, लाडू, काहीतरी ठेवायचं. ते गोंबे-बागिन. पोरांचा सगळा डोळा त्या बागिनावर. गोंब्यांशी त्यांना काय देणंघेणं!

आमच्या लष्कर मोहल्ल्यातल्या बाकीच्या घरांत हे सगळं सरळ चालायचं. आत्यांकडे काही सरळ चालेल तर शपथ. त्यांच्या पाच पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर टॉर्चचा एक छोटा बल्ब. मागून तार आणि एका लाकडी पेटीत सहा सेल. संध्याकाळ झाली की आत्या पाचांपैकी कुठलातरी एक बल्ब गुपचूप सैल करून ठेवायच्या. एक सैल झाला की पाचही बंद. मग दारात पोरं आली की त्यांचं ठरलेलं वाक्य, “यावुदु होगिदे? कुठला गेलाय शोध आणि बागिन घे.”

पाचही दिवे एकाच तारेत एकामागोमाग ओवलेले होते. करंटला जायला रस्ता एकच. सेलमधून निघायचं, पाचही दिव्यांतून जायचं आणि फिरून सेलकडे यायचं. मध्ये एका ठिकाणी रस्ता तुटला की सगळ्यांकडे अंधार. शाळेत याला सिरीज म्हणतात, मराठी पुस्तकांत एकसर जोडणी. कुठला गेलाय ते नुसतं बघून कळत नाही, कारण चांगला दिवाही विझलेला आणि बिघडलेलाही विझलेलाच. म्हणून आत्या पोरांच्या हातात तारेचा एक तुकडा द्यायच्या, दोन्ही टोकं सोललेला. ती उडीची तार. एकेका दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे तिची टोकं टेकवत जायचं. चांगल्या दिव्यावर टेकवली तर काहीच होत नाही. बिघडलेल्यावर टेकवली की करंट त्याच्यावरून उडी मारून पुढे जातो आणि बाकीचे चार एकदम पेटतात. पेटतात ते नेहमीपेक्षा थोडे जास्तच, कारण सेलचा जोर वाटून घेणारा एक कमी झालेला असतो. त्या क्षणी पोरं जी किंचाळायची, ती किंकाळी मला अजून ऐकू येते.

मला मात्र ते दिवे कधी लावायला मिळाले नाहीत. मी आत्यांच्या भावाची मुलगी, त्याच घरात वाढलेली आणि आत्यांचा नियम असा, की दारात येऊन विचारणाऱ्यानेच दिवे लावायचे. घरच्यांनी हात लावायचा नाही. शेजारच्या शेंबड्या पोराने दिवे लावून चकल्या न्याव्यात आणि मी भिंतीला टेकून बघत राहावं. पन्नाशी ओलांडली तरी माझा तो राग गेलेला नाही.

माझे वडील तुकोजीराव त्यांना दर वर्षी सांगायचे, “वनजा, पॅरलल कर की सरळ. प्रत्येकाला सेलपासून आपापला रस्ता दे. एक गेला तरी बाकीचे चालतील. घराची वायरिंग तशीच असते. न्हाणीतला बल्ब गेला म्हणून कुणी स्वयंपाकघरात मेणबत्ती लावतं का?”

आत्या म्हणायच्या, “तुला दिवे पाहिजेत रे. मला पोरं पाहिजेत.”

पण खरं कारण त्याहून जुनं होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. आजोबांच्या, म्हणजे दत्तोजीरावांच्या वाट्याला मात्र तलवार आली नाही, शिडी आली. दसऱ्याआधी राजवाड्यावरचे गेलेले बल्ब बदलणाऱ्या माणसांत ते होते. लहानग्या वनजाला खांद्यावर घेऊन ते एकदा रोषणाई बघायला गेले. सगळा राजवाडा एका क्षणात पेटला, गर्दीने “हो” केलं आणि आजोबा तिच्या कानाशी म्हणाले, “तिसऱ्या कमानीवर एक गेलाय, दिसला?” वनजाने डोळे ताणताणून बघितलं. तिला दिसला नाही. तिने विचारलं, “आणखी कुणाला दिसला?” आजोबा हसले, “कुणालाच नाही ग. हजारो आहेत, प्रत्येकाचा रस्ता वेगळा. एक गेल्याने काय होतं?”

आत्या त्या रात्री जेवल्या नाहीत. एक जण विझला आणि कुणाला पत्ताही नाही, हे त्यांना सहनच झालं नाही. पुढे भौतिकशास्त्र शिकून त्यांना कळलं की आजोबांचं बरोबर होतं, राजवाडा सिरीजमध्ये जोडला असता तर दसराभर अंधारात राहिला असता. पण घरच्या गोंब्यांपुरतं त्यांनी स्वतःचंच चालवलं. एक गेला की सगळ्यांनी थांबायचं आणि त्याला शोधायचं.

मुलींच्या एका हायस्कुलात त्या निवृत्त होईपर्यंत भौतिकशास्त्र शिकवत होत्या. त्यांनी लग्न केलं नाही. आमच्याकडे मुलीच्या लग्नात आई तिला पट्टद गोंबे देते. लाकडी राजाराणीची जोडी, त्यांच्याशिवाय गोंबे बसत नाहीत. आजीने ती जोडी आत्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशी दिली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. आजी म्हणाली, “सासरी नाही गेली, शाळेत गेली. घराबाहेर पडलीच की.”

आजीची आणखी एक वस्तू आत्यांनी शाळेत नेली, तिचं विरलेलं नऊवारी लुगडं. त्याला पीळ घालून त्यांनी दोर केला आणि दोन टोकं बांधून त्याचं मोठं कडं केलं. त्याचं असं झालं, की आमच्या लोकांच्या डोक्यात पंगत पक्की बसलेली असते. पहिल्या पानावर गरमागरम, शेवटच्या पानावर उरलंसुरलं. म्हणून आत्या वर्गात विचारायच्या, की पाच दिवे ओळीने जोडले तर सगळ्यात जास्त कुठला पेटेल, तेव्हा दर वर्षी अख्खा वर्ग ओरडायचा, “पहिला, मिस!” आत्या वाद घालत नसत. मुलींना गोल उभं करायच्या आणि ते लुगड्याचं कडं सगळ्यांच्या मुठींतून सैल धरायला लावायच्या. एक मुलगी सेल, तिने दोर ओढत राहायचं. ती ओढू लागली की दोर सगळ्यांच्या हातातून एकदमच सरकायचा, आधी जवळच्या आणि मग लांबच्या असं नाही. मग एका मुलीला मूठ आवळायला सांगायच्या. तो झाला रोध. तिचा तळवा तापायचा आणि दोर सगळीकडेच हळू व्हायचा.

“तुझ्या हातात आला तेवढाच दोर पुढे गेला, की मधला तू खाल्लास?”

“तेवढाच गेला, मिस.”

“मग करंट कुठला दिवा खातो?”

“कुठलाच नाही, मिस.”

“मग सेल का संपतो?”

“ओढून ओढून दमतो, मिस!”

मी त्याच शाळेत होते. तळवा तापणारी मुलगी बहुतेक वेळा मीच असायची. घरी दिवे लावायला मिळत नाहीत म्हणून आत्या मला हे देतात, असं मला वाटायचं आणि त्यातल्या त्यात बरं वाटायचं.

तर अशा आत्या गेल्या वर्षी म्हैसूरच्याच बोगादी भागात आमच्याकडे राहायला आल्या. लष्कर मोहल्ल्यातलं भाड्याचं घर मालकाने पाडायला घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांचंही बिनसलं. समोर बघितलं की मधोमध धुरकट आणि कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. आत्या सोबत कपड्यांची एक पिशवी आणि गोंब्यांची मोठी ट्रंक घेऊन आल्या. ट्रंकेची कडी तुटलेली, म्हणून तिला आजीच्या लुगड्याचा तोच दोर बांधलेला होता.

यंदा आमच्या हॉलमध्ये पायऱ्या मांडल्या. आत्यांनी हाताने चाचपत एकेक गोंबा जागेवर ठेवला. एकही चुकला नाही. तारा जोडल्या, एक दिवा सैल केला, बागिनाचा डबा मांडीवर घेतला आणि दाराकडे तोंड करून बसल्या.

कुणी आलं नाही.

येणार कुठून? आमच्या इमारतीच्या फाटकावर पहारेकरी. येणाऱ्याने आधी नाव सांगायचं, मग तो आम्हाला फोन करणार, मग आम्ही हो म्हणणार. इथली पोरं शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून घरी. दारात उभं राहून ओरडायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बागिनाच्या चकल्या मऊ पडायला लागल्या.

तेव्हा आत्या मला म्हणाल्या, “सुष्मा, आयुधपूजेच्या नवमीपर्यंत एकही पोर दारात येऊन विचारलं नाही तर विजयादशमीला ट्रंक हुणसूरला पाठव. सुप्रीता मागतीय केव्हाची.” सुप्रीता त्यांची जुनी विद्यार्थिनी, तिकडे मुलींचं वसतिगृह चालवते. “तिथं पोरी तर आहेत. इथं ठेवून काय करू, धूळ पुसू?”

“पट्टद गोंबेसुद्धा?”

“जोडी फोडतात का कोण?”

मला राग आला. आम्ही काय मेलो होतो? पण आत्या बोलल्या की करतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि त्या गोंब्यांबरोबर आमच्या घरातलं काय काय निघून जाईल, ते मला त्यांना सांगताही येईना. मी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, मुलांना घेऊन गोंबे बघायला या. बायका आल्या. घंटी वाजवून, छान साड्या नेसून आल्या. फोटो काढले. एक म्हणाली, “लाइट हाकी आंटी, फोटो सरी बरल्ला.” दिवे लावा, फोटो नीट येत नाही. एका लहान मुलीने तारेकडे हात नेला, तर तिची आई ओरडली, “मुट्टबेडा! शॉक होडियत्ते!” हात लावू नकोस, शॉक बसेल. मी सांगायला गेले, की बाई, हे टॉर्चचे सेल आहेत, याने मुंगीलाही शॉक बसणार नाही, भिंतीतल्या विजेची गोष्ट वेगळी. तोवर ती मुलीला ओढत घेऊन गेली होती.

आत्यांनी त्या सगळ्यांना बागिन दिलं. काहीही न विचारता. कुठला गेलाय ते न शोधता. तेवढं एक मला बघवलं नाही.

आता आमची नव्या. माझी मुलगी, दहावीला आहे. मराठी बोलते ती चार शब्द मराठी, चार कन्नड आणि बाकी इंग्रजी. आत्यांना ती आज्जी म्हणते. आज्जीवर तिचा जीव, पण तो दाखवायची पद्धत म्हणजे जाता-येता आज्जीच्या डोक्यावर हनुवटी टेकवायची. विजेचा धडा नुकताच झालेला. सूत्रं तोंडपाठ. व्होल्टेज म्हणजे जोर, करंट म्हणजे प्रवाह, रोध म्हणजे अडथळा आणि जोराला रोधाने भागलं की प्रवाह मिळतो. झोपेत विचारलं तरी सांगेल.

दुर्गाष्टमीच्या दुपारी आत्या जरा आडव्या झाल्या होत्या. मी ऑफिसातून लवकर आले होते आणि भाजी निवडत होते. नव्या गोंब्यांच्या मागे बसून काहीतरी खुडबुड करत होती. मला वाटलं, धूळ पुसतीय. मुलगी मोठी झाली म्हणून मी मनातल्या मनात खूशही झाले. एवढ्यात हॉलमध्ये लख्खकन उजेड पडला, पांढराशुभ्र, राजाराणीच्या डोळ्यांतलं काजळ दिसावं असा. “अम्मा, नोडु, बघ!” नव्या ओरडली. मी वळून बघेपर्यंत पुन्हा अंधार.

पाचही बल्ब उडाले होते. काचेला आतून काळा डाग आलेला.

आत्या उठून बसल्या. “काय झालं ग?”

नव्या पायऱ्यांमागून बाहेर आली. “आज्जी, मी… पॅरलल केले. पुस्तकात आहे ना, घरात पॅरललच बेस्ट. प्रत्येकाला फुल व्होल्टेज मिळतं. एक गेला तरी चालतं. मला वाटलं, तुला कुणाची वाट बघायला नको.”

“पाचही गेले?”

“हो.”

आत्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “सेल किती?”

“सहा.”

“एकेकाचे दीड व्होल्ट. सगळे मिळून?”

“नऊ.”

“सिरीजमध्ये पाच जणांत नऊ वाटले तर एकेकाला?”

नव्याने नाक पुसलं. “वन पॉइंट एट.”

“हे बल्ब अडीचपर्यंत सोसतात. एक पॉइंट आठमध्ये वर्षानुवर्षं सुखाने जगले. आणि तू काय केलंस?”

“सगळ्यांना… पूर्ण नऊ दिले.” आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

“उत्तर बरोबर आहे,” आत्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, “सुष्मा, ट्रंक काढ. साकु.”

साकु म्हणजे पुरे. तो शब्द आत्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. पुरणपोळीलासुद्धा नाही.

विजयादशमीआधी गोंबे झोपवत नाहीत, अशुभ असतं, असं सांगून मी दोन दिवस कसेबसे मागून घेतले. माझे यजमान विजयेंद्र यांनी लगेच फोनवर बल्ब शोधले. मिळाले, पण येणार दसऱ्याची सुट्टी संपल्यावर. म्हणाले, तोवर एलईडीची माळ आणू का? मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा करायला गेले. मी स्वतः देवराज मार्केटच्या आसपासची दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणाले, टॉर्चचा बल्ब आता कोण ठेवतं, सगळ्या टॉर्च एलईडीच्याच येतात. आत्या संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. नव्या त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची.

आयुधपूजेला सकाळी उठून बघते तर नव्या घरात नाही. आत्यांनी पूजेला आपली पक्कड आणि टेस्टर माझ्याकडे दिली, दर वर्षी देतात तशी. मी त्या दोन्हींना कुंकू लावलं. खाली गाड्यांची पूजा चालली होती, लोक कोहळे फोडत होते आणि मी नव्याला फोनवर फोन लावत होते. शेवटी तिने उचलला. “अम्मा, सुम्ने उगाच काळजी नको करू. लष्कर मोहल्ल्यात आहे. बसने आले.” आणि ठेवून दिला. त्या मोहल्ल्यात आता आमचं कुणी नाही, घरही नाही. ही काय करतीय तिथे? जीव नुसता टांगणीला.

संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होते. आत्या हॉलमध्ये येऊन बसल्या होत्या, दुसऱ्या दिवशी ट्रंक भरायची म्हणून गोंब्यांवरून एकदा हात फिरवत. घंटी वाजली नाही. दारावर टकटकही झाली नाही. बाहेरून एक घसा बसलेला आवाज आला, मोठा, जिन्यात घुमलेला.

“गोंबे कूर्सिदीरा?”

आत्यांचा हात वाण्याच्या डोक्यावर थांबला.

मी दार उघडायला धावले तर त्यांनी मला मनगटाला धरून थांबवलं. “थांब. मला सांगू दे.” आणि दाराकडे तोंड करून, पूर्वी सांगायच्या तश्शा म्हणाल्या, “कूर्सिदीवी! ओळगे बा!” बसवलेत, आत ये.

दारात नव्या होती. चप्पल धुळीने भरलेली, हातात कागदाची पुडी. स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याबाहेर परक्यासारखी उभी. दारात येऊन विचारणाऱ्यानेच दिवे लावायचे, हा नियम ना? तिने येऊन विचारलं होतं. एवढी साधी युक्ती मला माझ्या लहानपणी का सुचली नाही? बाहेर जाऊन आत यायचं, एवढंच तर होतं. मला हसूच आलं.

तिने पुडी उघडली. आत बल्ब होते. सकाळपासून ती लष्कर मोहल्ल्यात दारोदार जाऊन “गोंबे कूर्सिदीरा” विचारत होती. लोक आत बोलवायचे, बागिन द्यायचे. ती म्हणायची, चकली नको, घरात जुनी टॉर्च असेल तर तिचा बल्ब द्या, वनजा मिसच्या गोंब्यांना पाहिजे. सगळ्यांच्याच घरी होती असं नाही. एकीने सायकलच्या दिव्यातला दिला, एकीने अडगळीतली टॉर्च शोधून दिली. आत्यांचे जुने शेजारी नागोजीराव, आता केस पिकलेले, त्यांनी तर हिला आधी दारातच उभं केलं. “पाचांतला एक गेला तर कसा शोधशील?” विचारलं. हिने उडीच्या तारेचं सांगितलं, तेव्हा कुठे आत घेतलं. त्यांनी आपल्या टॉर्चमधला बल्ब काढून दिला. मग मोजून बघितलं तर चारच होत होते, पाचवा कमी. नागोजीराव अंगणात गेले, किती वर्षं ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या इंडिकेटरमधला बल्ब उपटला आणि म्हणाले, “हा घे. मी या दिव्यांवर चकल्या खाऊन मोठा झालोय.”

हे सगळं ती अर्धं कन्नडमध्ये, अर्धं इंग्रजीत सांगत होती. आत्यांनी पक्कड तिच्यापुढे सरकवली.

नव्या पायऱ्यांच्या मागे बसली. पॅरललच्या तारा सोडवल्या. पुन्हा सिरीज केली, एका दिव्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला, असं पाचव्यापर्यंत आणि तिथून परत पेटीकडे. स्कूटरचा बल्ब होल्डरमध्ये बसेना, मग त्याला तार गुंडाळून टेप लावली आणि तो सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला. नागोजीरावांचा मान म्हणून. तो सगळ्यांत मोठा होता, जवळजवळ लिंबाएवढा.

तिने बटण दाबलं.

दिवे लागले. पण काय लागले! राजाराणीच्या पायरीवरचा छान पिवळा, त्याखालचा त्याहून उजळ, मधला निखाऱ्यासारखा लाल, चौथा कसाबसा. आणि खालचा तो मोठा बल्ब काळाठिक्कर.

“अरे देवा,” मी म्हटलं. “एवढा मोठा, आणि तोच गेलेला निघाला. काढ तो, नव्या. नागोजीरावांना कळलं तर वाईट वाटेल.”

“कोण गेला?” आत्यांनी विचारलं. त्यांना समोर धुरकट पिवळं तेवढं दिसत असणार.

“खालचा मोठा,” मी म्हटलं.

“नाही आज्जी,” नव्या म्हणाली. “तो नाही गेला.” ती शब्द शोधत होती. “तो गेला असता तर बाकीचे लागलेच नसते ना. सगळ्यांतून सेम करंट जातोय. त्याची तार आतून जाडी आहे, रोध कमी, म्हणून तो दिसत नाही. पण त्याच्यातूनच जातंय सगळं. बघ.” तिने खाली वाकून मोठ्या बल्बची तार सोडली. चारही दिवे पटकन विझले. गोंबे अंधारात गेले. तिने तार पुन्हा टेकवली. चारही लागले. “बघ! याने सोडलं की सगळे गेले.”

आत्यांचा चेहरा दिव्यांकडे होता. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांनी पुसलं नाही. मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. त्या मोहल्ल्यात आता त्या नाहीत, शाळेत नाहीत, आणि तरी नव्या सकाळपासून ज्या ज्या दारात उभी राहिली तिथे तिथे त्यांच्याच नावाने दार उघडलं होतं.

“आज्जी, माझं बागिन?”

आत्यांनी मांडीवरचा डबा अख्खाच तिच्याकडे दिला. नव्याने एक चकली तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. “अय्यो, मऊ झालीय.”

“खा गप,” आत्या म्हणाल्या. मग हात पुढे करून त्यांनी सगळ्यात खालची पायरी चाचपली. त्यांची बोटं त्या मोठ्या काळ्या बल्बवर येऊन थांबली. “नव्या, आपले बल्ब आले की बाकीचे बदल. हा मात्र काढू नकोस. पुढच्या वर्षी पोरं आली की आधी याच्यावरनंच विचारायचं.”

पुढच्या वर्षी, असं म्हणाल्या आत्या. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. मग हात पुसून हुणसूरला सुप्रीताला फोन लावला, की ट्रंक येत नाही, तूच पुढच्या दसऱ्याला तुझ्या मुलींना घेऊन इकडे ये, आणि येशील तेव्हा घंटी वाजवू नकोस.